दिवा न लावता स्वच्छ झालेलं तळं

घाण नाहीशी करणे हा विज्ञानाचा हेतू आहे. ते न जमल्यास ती दिसेनाशी करणे हेही विज्ञानच आहे. या दुसऱ्या शाखेत चीनमधल्या शाओशिंगजवळच्या आमच्या प्रयोगशाळेने केलेल्या प्रगतीची ही नोंद.

आमच्या भिंतीमागचा कालवा रंगकारखान्यांमुळे सोमवारी निळा आणि गुरुवारी लाल वाहतो. (तपासणीच्या दिवशी तो पाण्याच्या रंगाचा असतो.) तेच पाणी थाओ काकूंच्या तळ्यात जातं. काकूंचं पोट पांढऱ्या बदकांवर, आणि निळसर बदकाला बाजारात कोणी हात लावत नाही.

म्हणून प्राध्यापक ओउयांग यांनी एक काळी पूड बनवली: टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी आणि तीत केसाहून कितीतरी बारीक अशा कार्बनच्या नळ्या. पूड पाण्यात टाकायची, वर दिवा लावायचा. उजेडाने रंगाचे तुकडे तुकडे होतात. चाचणीच्या बाटलीतला ९८.७ टक्के रंग गेला. (उरलेला १.३ टक्के प्रामाणिकपणा दिसावा म्हणून ठेवला आहे.)

मग यालान या विद्यार्थिनीने कबूल केलं, की त्या दिवशी ती दिवा लावायलाच विसरली होती.

"सर, रंग तुटलाच नाही. कार्बनने नुसता पिऊन टाकलाय. पुडीत बसलाय तो."

सरांनी पेल्यातली चहाची पानं फुंकून बाजूला सारली. "म्हणजे विजेचीही बचत," ते म्हणाले.

बचतीबद्दल आम्हाला पारितोषिक मिळालं. पूड तळ्यात ओतली. पाणी इतकं नितळ झालं, की अधिकाऱ्यांनी काठावर उभं राहून फोटो काढून घेतले. काळा गाळ तळाशी बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त बदकांना कोणी अहवाल वाचून दाखवला नव्हता, आणि बदक चोच खुपसतं ते गाळातच. पंधरवड्यात सगळी बदकं मानेपर्यंत काळीनिळी झाली.

थाओ काकूंनी त्यातलं एक काखोटीला मारून आणलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं.

"मास्तर, पाणी स्वच्छ झालं, नाही म्हणत नाही. आता हे कुणाच्या गळ्यात मारू, तेवढं सांगा."

सरांनी समजावलं, की बदक हा संशोधनाचा विषय नव्हता. काकूंनी तळं सोडलं. मला फार वाईट वाटलं. शोधनिबंधाच्या शेवटी आभारांत त्यांचं नाव घातलं आहे.

हसण्याआधी वाचकांनी आपला नवा निळा शर्ट एकदा बादलीत बुडवून पाहावा. रंग सुटला तर घाबरू नये. बादली मोरीत ओतावी. पाणी लगेच दिसेनासं होतं, आणि दिवा तुम्हालाही लावावा लागत नाही.