गिरजाबाईंच्या डाव्या पोटरीवरील स्वारी

आसगावकर शाहाण्या मंडळींनी फर्माविले की, पोटरीचे प्रकरण गावभर ज्याच्या त्याच्या तोंडी निरनिराळे फिरते, सबब ते एकवार नीट लिहोन काढावे. म्हणोन लेखकाने चहा घेऊन बैठक मारिली आणि जे घडले तैसे लिहिले. पदरचे तिखटमीठ बेताचेच आहे, वाचणारांनी कुरकूर करू नये.

भंडाऱ्याचा मुलूख वाटला जाऊन गोंदिया निराळा संसार थाटून बसला, त्यास बरीच साले लोटली होती. पवनी प्रांती मौजे आसगाव येथे धानाची रोवणी करणाऱ्या बायांची फौज नांदत होती आणि तिच्या सरसेनापती खाशा गिरजाबाई. त्यांनी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाऊल टाकावे, पहिली जुडी रोवावी आणि मग बाकीच्यांनी हात चालवावा, ऐसा रिवाज. मालकाशी बोलणे त्यांचे, गाणे उचलणे त्यांचे, आणि कोणाचे रोप वाकडे जाहले तर तिचा उद्धार करणेही त्यांचेच.

ऐशा बाईंच्या डाव्या पोटरीत निळ्या शिरांनी बंड केले. गुडघ्यामागून घोट्यापावेतो वेटोळी उठली, सांज होता पाऊल सुजे आणि चपलेत शिरण्यास साफ नाकबूल होई. इकडे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, तयार, रोवणी तोंडावर. बाई घरी बसल्या तर सेनापतीपण फौजेतल्याच ताराबाईंकडे जाणार, आणि ताराबाई तर त्या जागेवर कधीची नजर लावून. दुखण्याचे भय नव्हते. आपल्यावाचून रोवणी उरकेल, याचे भय होते.

मग बाईंचे यजमान राजश्री मारोतराव यांनी मसलत दिली. तलावाचे पाणी कोणाच्या बांधीस केव्हा सोडावे, हा कारभार त्यांजकडे; आणि खाली पाणी तुंबले की वरचा पाट बुजवावा, ही विद्या त्यांस पुरती अवगत. रक्त वरून खाली उतरते, खाली साचते, तर वरची वाट बांधावी, ऐसा निवाडा करोन त्यांनी गुडघ्याखाली नाडा आवळिला. सांजेस पाऊल कोहळ्याएवढे जाहले. मारोतराव डगमगले नाहीत.

“ढिला रायला असंन. अजून आवळून पायतो.”

“माय वं! पाय तोडता का काय माहा?” ऐसा बाईंनी टाहो फोडिला, तो सून राखी चुलीपासून धावत आली आणि पाय पाहताच तिने उपकेंद्राच्या सिस्टर रुचिता यांस फोन लाविला. रुचिता स्कूटीवर स्वार होऊन दाखल जाहल्या आणि आल्या पावली, पाणीसुद्धा न घेता, नाडा सोडिला.

“हे कोणाचं डोकं हो, मावशी?”

मावशींनी यजमानांकडे पाहिले. यजमान छताकडे पाहू लागले.

मग रुचितांनी शरीराच्या राज्याचा बंदोबस्त कथन केला तो ऐसा की, हृदय हे तख्त. तेथून रक्त धमन्यांच्या वाटे मोठ्या जोराने सुटते आणि मुलखाच्या टोकापर्यंत रसद पोचविते. परंतु परतीचा कारभार शिरांकडे, आणि त्यांजपाशी तो जोर उरत नाही. पायातले रक्त चढणीने तख्तापावेतो न्यावे, हे त्यांचे काम. मारोतराव उसळले.

“पाणी कधी चढावर जाते का वो बाई? मले नोका शिकवू.”

“मोटार लावली का जाते ना, काकाजी? हे पोटरी म्हणजे मोटार हाय. मावशी, उभ्या राहा, टाचा उचला. आता टेका.”

आणि मग उलगडा केला की, टाच उचलली की पोटरी आवळते, शिरेस दाबते, रक्त वर ढकलते. आणि शिरेच्या आत जागोजाग बारीक कवाडे आहेत, ती वरच्या बाजूस उघडतात आणि रक्त खाली येऊ लागता मिटतात. तासन्‌तास एके जागी उभे राहिल्याने कवाडे सैल पडली, रक्त माघारी गळू लागले, शिरा फुगल्या. त्यात गुडघ्याखाली नाडा.

“तुम्ही पाट नाही बुजवला, काकाजी. सांडवा बुजवला.”

हे वाक्य मारोतरावांस गोळीप्रमाणे लागले. सांडवा बुजविणे म्हणजे काय, हे त्यांजहून अधिक गावात कोण जाणणार? त्यांनी नाडा उचलिला आणि मुकाट बाहेर जाऊन वासरास बांधिला.

पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी पाय तपासून तहाची कलमे ठरविली: एके जागी उभे राहू नये, चालत असावे, घरी बोटांपासून वर पट्टी गुंडाळावी आणि दुपारी आडवे होऊन पाय छातीहून उंच टेकावे. कबूल असेल तर रोवणीस मुभा. बाईंनी उड्या मारीत कबूल केले, आणि मग बांधीवर पोचता त्यांचे ध्यानी आले की, आपण फसलो.

कारण शेतात पाय टेकण्याजोगे ठिकाण एकच, मोहाचे खोड. आणि दुपारी त्या खोडास पाठ लावून मालक परसरामजी बसत, तेथून चहा वाटीत. वयाने वडील, मानाने थोर. त्यांच्या खांद्याशी तळवे नेऊन ठेवावे? पहिले दिवशी बाईंची हिंमत जाहली नाही. सांजेस पाऊल पुन्हा सुजले आणि ताराबाईंनी मायेने विचारिले की, उद्या मी पुढे लागू का वं? त्या मायेने बाई रात्रभर जळाल्या.

दुसरे दिवशी भाकरी खाऊन बाई उठल्या, मोहापाशी गेल्या, गवतावर पाठ टेकिली आणि परसरामजींच्या कानालगत दोन्ही टाचा खोडास लाविल्या. हाहाकार जाहला. मालकांचा चहा धोतरावर सांडला.

“काय वो गिरजाबाई! माह्याकडं पाय?”

“माफ करा जी. रक्त घरी पोचवून राहिली.”

बाईंना वाटले, संपले सारे. आता हिला रोवणीस घेऊ नका म्हणतील. डोळे भरोन आले, पण टाचा खाली घेतल्या नाहीत. इतक्यात ताराबाई उठल्या. सरळ मोहाखाली आल्या.

“सरक वं जराशी.”

आणि शेजारी आडव्या होऊन त्यांनी पाय वर टाकिले. लुगडे घसरले, तो त्यांच्या पोटऱ्या उघड्या पडल्या. दोन्ही. गिरजाबाईंच्या शिरा त्यांपुढे काहीच नव्हेत, ऐशा गाठी.

“कधीपासून वं हे?” गिरजाबाईंनी हळूच पुसले.

“लय दिवस झाले. सांगितलं असतं तर तू मले घरी बसवलं असतं.”

ते खरे होते. गिरजाबाईंनी ताराबाईंचा हात धरिला. मग एकेक करोन समस्त फौज आली आणि गाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मोहाभोवती आडवी जाहली. मधोमध कोंडलेले परसरामजी अंग चोरून उठले, पाय ओलांडीत बाहेर पडले आणि उभ्यानेच चहा ओतू लागले.

येणेप्रमाणे आसगावच्या मोहाचे खोड सर जाहले आणि दुपारचा अंमल रोवणाऱ्या बायांचा कायम जाहला. त्या दुपारी चहा झाल्यावर गिरजाबाई पहिली जुडी घेऊन उठल्या, अर्धी सोडविली आणि ताराबाईंच्या हाती देऊन म्हणाल्या, “चाल, संगंच लागू.”