चांगली बाजू भिंतीकडे

"माझ्या खोलीतली काडेपेटीची काडीसुद्धा माझ्या परवानगीशिवाय हलत नाही!" असं चष्मेवाले छाती फुगवून सांगायचे. आणि ते खरंही होतं. मेव्हणी राहायला येईपर्यंत खरं होतं.

चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्यांच्या दुकानाचे मालक. दिवसभर जगाची नजर तपासायची आणि घरी आलं की जुन्या कागदांत डोकं खुपसायचं! कागद तरी कसले? दुसऱ्यांनी प्रवासात वापरून टाकलेले! बोटींची तिकिटं, हॉटेलांच्या काडेपेट्या, साबणांची वेष्टनं, जेवणाच्या पदार्थांची छापील कार्डं. आणि सगळ्यांत लाडकी म्हणजे हॉटेलांची रंगीत लेबलं. पूर्वी मोठ्या हॉटेलात उतरलं की तिथले लोक तुमच्या बॅगेवर हॉटेलचं लेबल डकवायचे, तीच ती. स्वतः चष्मेवाले मात्र कधी कुठे गेले नाहीत. बायकोने विषय काढलाच तर म्हणायचे, "अगं, प्रवासात कागदांची फार आबाळ होते!"

त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. सगळी गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची. खरं बोलणं इतकं, की सख्ख्या भाच्याला अर्ध्या गुणाने नापास केलं होतं आणि वर त्याच्या आईकडे जेवायला गेली होती!

चष्मेवाल्यांचा संग्रहाचा नियम एकच. चांगली बाजू भिंतीकडे! उजेडाने रंग उडतो ना! म्हणून लेबलांच्या सगळ्या चौकटी खोलीत उलट्या टांगलेल्या. खोलीत पाऊल टाकलं की चहूकडे नुसते पुठ्ठे, खिळे आणि डिंकाचे ओघळ. लग्न नवीन होतं तेव्हा मास्तरीणबाईंनी हौसेने विचारलं होतं, "अहो, एकदा सरळ करून दाखवा ना."

"आज ऊन फार आहे. ढगाळ दिवशी दाखवतो."

ढगाळ दिवस आला. "आज हवा दमट आहे गं, कागद फुगेल!"

असं दोन-चारदा झालं आणि त्यांनी विचारणं सोडून दिलं. वीस वर्षं दर रविवारी त्या फडकं घेऊन त्या पुठ्ठ्यांवरची धूळ पुसत होत्या, आणि नवरा मागे उभा राहून "हळू! हळू!" करत होता.

अशा या घरात मास्तरीणबाईंची थोरली बहीण पंधरा दिवस राहायला आली. ताईंची सगळी नोकरी एका मोठ्या हॉटेलात गेली. खोल्या आवरणाऱ्या बायकांवर त्या मुकादम होत्या. त्यांच्या हाताखालच्या खोलीत केस सापडला तर तो पाहुण्याच्या डोक्यावरच सापडायचा! चष्मेवाल्यांचं आणि त्यांचं बोलणं नव्हतं. कधीकाळी ताई त्या संग्रहाला "पसारा" म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दोघं एकमेकांशी मास्तरीणबाईंच्या मार्फत बोलत. "हिला सांग, मीठ पुढे कर." "त्यांना सांग, हात पुरतो त्यांचा."

पहिल्याच सकाळी मास्तरीणबाई शाळेला निघाल्या. चष्मेवाले खोलीच्या दाराशी घुटमळले. दुपारपर्यंत ताई घरात एकट्या, आणि त्यांच्या हाताला स्वस्थता माहीत नाही! आता खोलीला हात लावू नका म्हणून सांगायचं, तर आधी बोलायला नको का?

आणि मग त्यांना सुचलं. काय सुचलं म्हणता! त्यांच्या संग्रहात एक दाराच्या कडीला अडकवायचं जुनं हॉटेलचं कार्ड होतं. एका बाजूला ठसठशीत लाल अक्षरांत "कृपया व्यत्यय आणू नये" आणि खाली टोपी तोंडावर घेऊन झोपलेला माणूस. दुसऱ्या बाजूला काळ्या अक्षरांत "कृपया खोली आवरावी" आणि एक झाडू.

"हॉटेलच्या माणसाला हॉटेलच्या भाषेत सांगावं!" ते स्वतःशीच म्हणाले. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले, की आरशात बघून त्यांनी स्वतःला मान डोलावली. मग कार्ड काढलं, कापसाने पुसलं, वीस वर्षांच्या सवयीने जपून कडीला अडकवलं आणि शीळ घालत दुकानात गेले.

दुपारी जेवायला घरी आले. खोलीचं दार उघडलं. आणि त्यांना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो!

भिंती कोऱ्या करकरीत! टेबल रिकामं! लादीत तोंड दिसत होतं. पलंगावरची चादर अशी ताणलेली, की वाजवली असती तर वाजली असती. त्यावर टॉवेलचा घडी घालून केलेला एक हंस बसला होता. उशीवर एक चॉकलेट!

चष्मेवाल्यांनी जी बोंब ठोकली, ती ऐकून समोरच्या घरातला पोपट दोन दिवस बोलला नाही म्हणतात.

ताई पदर खोचून धावत आल्या. "काय झालं? टॉवेल कमी पडला का?"

"माझा संग्रह!" रागाच्या भरात चष्मेवाले अबोला विसरले. "माझ्या काडेपेट्या कुठायत? माझी लेबलं कुठायत?"

"वापरलेली तिकिटं, साबणाचे रिकामे कागद आणि विझलेल्या काड्या, हेच ना? पाहुणा गेला की आम्ही हे पहिल्यांदा काढतो!"

"मी गेलेला नाही! मी जिवंत आहे! आणि चौकटी? भिंतीवरच्या चौकटी का काढल्या?"

"उलट्या होत्या म्हणून! आमच्याकडे चित्र खराब झालं की उलटं करून ठेवतात. म्हणजे सकाळी भंगारात जातं. सगळ्याच उलट्या! मी म्हटलं, भावोजींनी स्वतःच निकाल लावून ठेवलाय. रद्दीचा हातगाडीवाला आला होता, त्याला पिशव्या भरून दिल्या."

"आणि दारावरचं कार्ड? वाचता येत नाही?"

"चांगलं वाचता येतं!" आता ताईंचाही पारा चढला. त्यांनी दाराकडे बोट केलं. कडीला कार्ड लटकत होतं. काळी अक्षरं. झाडू. कृपया खोली आवरावी.

चष्मेवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "ही... ही मागची बाजू आहे!"

"मागची कशी? माझ्याकडे तोंड करून होती ती पुढची!"

"वाऱ्याने उलटलं असणार!"

"खिडक्या बंद, पंखा बंद. वारा काय कपाटातून आला?"

"वाऱ्यानेच उलटलं!" चष्मेवाले पाय आपटत ओरडले. कार्ड जपून अडकवताना लाल बाजू आपोआप दाराकडे गेली होती, हे तोवर त्यांच्याही लक्षात आलं होतं. पण लक्षात आलं म्हणून कबूल करायला ते काय वेडे होते?

"जन्म गेला माझा या कामात! एका पाहुण्याने आवाज चढवला नाही! निघाले मी!" असं म्हणून ताईंनी बॅग ओढली. मास्तरीणबाई शाळेतून परतल्या त्या नेमक्या या मुहूर्तावर. उंबऱ्यातच नवऱ्याने त्यांचा हात धरला.

"चल! रद्दीच्या दुकानात चल!"

"अहो, ताई बॅग का भरतेय? काय केलंत तुम्ही?"

"मी? तिने केलं! वाऱ्याने केलं! आधी चल!"

रद्दीच्या दुकानात पोचतात तर काय! आत दातांचे डॉक्टर उभे! यांचा दवाखाना शेजारीच, आणि हेही जुन्या लेबलांच्या नादातले. गावात एखादी जुनी बॅग दिसली की दोघं दोन्हीकडून धावायचे. डॉक्टर पेशंटला बधिर करून, तोंडात कापूस कोंबून इथे पळून आले होते. अंगात पांढरा कोट, एका हातात रबरी मोजा, आणि दुसऱ्या हातात चष्मेवाल्यांची सगळ्यांत लाडकी चौकट! दीपगृहाच्या हॉटेलचं लेबल!

"माझं आहे ते! खाली ठेवा!"

"तुमचं?" डॉक्टर हसले. "चांगला माल दिसला की तुमचंच असतं! मागच्या वेळी ती चामड्याची बॅगही तुमच्या आजोबांची निघाली होती. आत माझ्याच मामाचं नाव होतं!"

रद्दीवाला कान खाजवत म्हणाला, "हे बघा, गाडीवाला दहा घरांचा माल एकत्र ओततो. कुणाचं काय, मला ठाऊक नाही. डॉक्टरांनी आधी उचललंय. तुमचं असेल तर ओळख पटवा आणि खुशाल न्या."

"पटवतो ना! माझी बायको साक्षीदार!"

"अगदी बरोबर!" डॉक्टर म्हणाले. "मास्तरीणबाई खोटं बोलायच्या नाहीत. सांगा बाई, ओळखता का हे?" आणि त्यांनी चौकट पुढे धरली.

निळंशार पाणी. त्यात पांढरं दीपगृह. कठड्याला टेकून एक बाई उभी, तिचा पिवळा रुमाल वाऱ्यावर उडतोय. मास्तरीणबाई बघतच राहिल्या.

"अगं बाई! किती सुंदर आहे हे! कुणाचं आहे हो?"

"अगं! आपलं!"

"आपलं? छे! मी हे जन्मात पाहिलेलं नाही."

"नीट बघ! गेली वीस वर्षं घरात आहे!"

"वीस वर्षं घरात असतं तर मला दिसलं नसतं का? खोटं कशाला बोलू मी?"

डॉक्टरांनी दुसरी चौकट दाखवली. डोंगर, त्यावर लाल छपराचं हॉटेल. "नाही पाहिलं." तिसरी. बोट आणि उडते पक्षी. "नाही. पण काय गोड आहे!" चष्मेवाल्यांच्या कपाळाला घाम फुटला. चष्म्याची काच धुकट झाली. स्वतःच्या बायकोने भरबाजारात पाण्यात बुडवलं, आणि तेही खरं बोलून!

"संपलं!" डॉक्टर म्हणाले. "बांधून दे रे सगळं." रद्दीवाल्याने वर्तमानपत्र पसरलं, आणि चौकटी त्यावर पालथ्या ठेवायला सुरुवात केली.

"थांबा!"

मास्तरीणबाईंचा आवाज असा आला, की रद्दीवाल्याने दोन्ही हात वर केले.

"हा उंदरासारखा डिंकाचा ओघळ! हा माझा आहे! हा मी दर रविवारी घासते, जात नाही मेला! आणि हा वाकडा खिळा, याने माझं बोट फाडलं होतं! आणि हा पुठ्ठा बघा." त्यांनी चौकट उचलून डॉक्टरांच्या नाकासमोर धरली. "'सातवी ब, सहामाही.' माझं अक्षर! उत्तरपत्रिकांच्या खोक्याचा पुठ्ठा आहे हा! या सगळ्या पाठी माझ्या आहेत! एकूण एक!"

डॉक्टरांनी अक्षर पाहिलं. त्यांचा मुलगा सातवी ब मध्येच होता, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. "घ्या तुमच्या पाठी!" असं करवादून ते पेशंटकडे परतले.

"जिंकलो!" चष्मेवाल्यांनी टाळी वाजवली. "काय साक्ष दिलीस! वा! चल, पटकन गुंडाळ, ऊन लागतंय."

पण मास्तरीणबाई चौकटी गुंडाळत नव्हत्या. दुकानाच्या पायरीवर, भर उन्हात, त्या एकेक चौकट पालथी करून ओळखत होत्या आणि मग सरळ करून बघत होत्या. उंदीर, आणि मागे दीपगृह. वाकडा खिळा, आणि मागे डोंगर. सातवी ब, आणि मागे बोट. त्या गप्प झाल्या की वर्गातली दांडगी पोरंसुद्धा वह्या उघडतात.

"ऊन, अगं ऊन..." चष्मेवाले पुटपुटले.

"ऊन?" त्या उभ्या राहिल्या. "वीस वर्षं मी डिंक पुसला! मला वाटायचं, यात बघण्यासारखं काही नसेल, म्हणून माणूस दाखवायला लाजतो. म्हणून मी विचारलं नाही. तुमची लाज राखायला विचारलं नाही! आणि एवढं सगळं होतं? माझ्या घरात? माझ्या फडक्याच्या मागे?"

"रंग उडाला असता गं..."

"आणि ढगाळ दिवसाची वाट बघून माझा उडाला तो? तो कुठल्या भिंतीकडे करून ठेवला होतात?"

रद्दीवाल्याने नजर चुकवून तराजू पुसायला घेतला. चष्मेवाल्यांनी बोट ओलं करून हवेत धरलं. वारा म्हणावं, तर वाराही नव्हता.

घरी आल्या आल्या मास्तरीणबाईंनी ताईंची बॅग काढून घेतली. मग दोघी बहिणींनी मिळून चौकटी लावल्या. खोलीत कसल्या, बैठकीत! खिडकीसमोर! सरळ! ताईंनी दोरी धरून रांग अशी साधली, की एक चौकट केसभर इकडेतिकडे नाही. "पसारा म्हटलं होतं मी याला," ताई म्हणाल्या, आणि दीपगृहासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "जाऊ या गं आपण दोघी. कुठेतरी जाऊ या." मग दोघी आतल्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं, आणि आतून हसण्याचे आणि बेत आखण्याचे आवाज येऊ लागले.

चष्मेवाले बाहेर कोचावर बसले. समोर निळं पाणी, पांढरं दीपगृह. खरं सांगायचं तर त्यांनीही ते कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. रुमाल पिवळा आहे हेसुद्धा ते विसरले होते.

मग त्यांची नजर आतल्या खोलीच्या बंद दाराकडे गेली. कडीला कार्ड होतं. टोपी तोंडावर घेतलेला माणूस. ठसठशीत लाल अक्षरं. कृपया व्यत्यय आणू नये. आणि खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा बरोब्बर त्या लाल अक्षरांवर!

दहा मिनिटं त्यांनी दम धरला. पण चार दिवसांत तो लाल रंग गुलाबी होईल हो! ते चवड्यांवर उठले, श्वास रोखून दाराशी गेले, आणि अगदी हलक्या हाताने कार्ड उलटं केलं.

आतलं हसणं थांबलं.

"ताई," मास्तरीणबाईंचा आवाज आला, "वारा सुटलाय वाटतं. कार्ड सरळ करून ये गं."