शेऱ्याचा रकाना

दगडूनानांच्या हातात कुठलीही बंद वस्तू दिली की ती आधी त्यांच्या कानाशी जाई. नारळ असो, औषधाची बाटली असो, नाहीतर लग्नातला आहेर. माझ्या लग्नात शाळेतल्या गुरुजींनी मिळून एक खोका दिला. नाना शेजारी म्हणून माझ्याजवळच उभे होते. देणाऱ्यांच्या देखतच त्यांनी तो हलवला आणि सांगून टाकलं, "काचेचे पेले. नग सहा. एक फुटेल हाये." घरी उघडलं तर सहा पेले आणि त्यातला एक फुटलेला. त्या गुरुजींनी पुढे वर्षभर माझ्याशी धड बोलणं ठेवलं नाही, जणू पेला मीच फोडला होता.

नानांची सगळी हयात भुसावळला रेल्वेच्या पार्सल हपिसात गेली. तिथल्या कागदावर तीन रकाने असत: माल, नग आणि शेरा. पेन्शन घेऊन नाना गावी आले, पण रकाने काही डोक्यातून उतरले नाहीत. "मालले तोंड असतं, मास्तर," ते मला सांगत. "आपन फक्त कान द्यायचा. आन शेरा लिहिल्याबिगर कागद पुढे सरकू द्यायचा नही." गाव त्यांना पार्सलनाना म्हणे. तोंडावर नाना, पाठीमागे पार्सल.

स्वराज्यानंतरच्या पहिल्या मोठ्या निवडणुकीत मतदान आमच्या शाळेतच होतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि पडद्यामागे जाऊन हव्या त्या पेटीत कागद टाकायचा असे. नाना पडद्यामागे गेले ते बाहेरच येईनात. आतून एकेक पेटी हलवल्याचा आवाज यायला लागला, तेव्हा मतदानाच्या साहेबांनी दरडावून त्यांना बाहेर काढलं. आवाराबाहेर निंबाखाली एक अपक्ष उमेदवार विड्या वाटत बसले होते. नाना त्यांच्यापाशी थांबले आणि अगदी मायेने म्हणाले, "अण्णा, उन्हात बसू नका. घरी जाऊन जेवून घ्या. तुमची पेटी लई हलकी हाये." निकाल लागला तेव्हा अण्णांची अनामत गेली होती. अण्णांनी राग धरला तो मतदारांवर नव्हे, नानांवर.

आमचं गाव तापीकाठचं, भुसावळहून दोन कोसांवर. भादव्यात पूर ओसरला की गाव पुन्हा नदीकडे तोंड करतं. भोई होड्या पालथ्या घालून डांबर लावतात. पुराने कुणाचा बांध खाल्ला आणि कुणाच्या काठाला गाळ लावला यावर चावडीत भांडणं जुंपतात, आणि तापीमाईने केलेला वाटा तलाठ्याने फिरवून द्यावा अशी दोन्ही बाजूंची मागणी असते. याच दिवसांत घरोघर गुलाबाई बसते. मातीची गुलाबाई, शेजारी तिचा गुलोजी. भाद्रपदी पुनवेला ती माहेरी येते आणि कोजागिरीला तिला नदीत पोचवतात. महिनाभर रोज संध्याकाळी पोरी या घरून त्या घरी जातात, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, आणि मग घरची बाई खाऊचा बंद डबा बाहेर आणते. पोरींनी डबा वाजवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखता आलं नाही तर त्या घराची मान वर.

आता या पोरीबाळींच्या खेळात मिशीवाल्या माणसाचं काय काम? पण बंद डबा वाजतोय आणि नाना आपल्या ओट्यावर बसून राहिले आहेत, हे होणं नव्हतं. ते येत, हात पुढे करत, आणि खेळ तिथेच संपे. गल्लीतल्या बायांनी त्यांच्याविरुद्ध जी एकजूट केली तशी चावडीला कधी जमली नाही. कुणी डब्यात खडे घाले, कुणी डब्यात डबा ठेवी. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा राजगिऱ्याचे लाडू कापसात गुंडाळून डबा ठासून भरला. नानांनी तो कानाशी नेला, नाकाशी नेला, तळहातावर तोलला. "राजगिऱ्याचे लाडू. नग अकरा. कापूस नवा, सरकीसकट. शेरा: बारावा घरातच कोनी तरी खाल्ला." सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. मी गुलोजीकडे पाहत राहिलो.

या गुणाने त्यांचं काय गेलं होतं, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. बायको लवकर गेल्यावर नानांनी एकुलती लेक, इंदू, एकट्याने वाढवली. तिला दिली धुळ्याकडे, पार पिंपळनेरला. लग्नात विहीणबाईंनी सुनेसाठी दागिन्याची मखमली डबी पुढे केली. ती हातोहात येताना नानांच्या हाती आली आणि हात सवयीने कानाकडे गेला. "एकदानी," नाना म्हणाले. "नग एक. शेरा: मनी पोकय, लाख भरेल." सोन्याचे मणी आतून पोकळ आणि लाखेने भरलेले, हे सांगण्यात कुचेष्टा नव्हती. रकाना रिकामा राहू नये एवढंच. पण मांडवात सनई थांबली होती आणि ते वाक्य शेवटच्या पंगतीपर्यंत गेलं.

विहीणबाई उठल्या. "बठ्ठं ऐकं मी," त्या म्हणाल्या. "आते तुमनी पोर आमना घरमा राही, आनि तुमना कान तुमना घरमा राहू द्या."

आणि तसंच झालं. सहा वर्षं इंदू माहेरी आली नाही. पहिल्या दिवाळीला नाही, पहिल्या बाळंतपणाला नाही. नाना एकदा केळ्यांची पाटी घेऊन स्वतः पिंपळनेरला गेले. ओसरीवर तांब्याभर पाणी मिळालं, लेक दिसली नाही. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "पाटी पोचती झाली," आणि विषय बदलला. त्यानंतरच बहुधा ते पोरींच्या डब्यांमागे जास्त लागले. कुणाची तरी लेक माहेरी आली आहे, गाणी चालली आहेत, अशा घरात जायला त्यांना काहीतरी निमित्त लागत होतं. हे आम्हाला तेव्हा सुचलं नाही. आम्ही कापूस भरत बसलो.

सातव्या वर्षी जावयाचं कार्ड आलं. गावचं टपालही माझ्याच कपाटात असे, आणि कार्ड ही वस्तू सरकारने उघडी ठेवली आहे ती वाचण्यासाठीच, असं माझं मत आहे. लिहिलं होतं: इंदूला आणि पोरीला घेऊन कोजागिरीच्या आदल्या दिवशी येतो. चार दिवस ठेवू. आईचं सांगणं आहे, पुन्हा काही वेडंवाकडं कानावर आलं तर दुसऱ्या गाडीने परत, आणि मग कायमचंच.

"नाना," मी त्यांना कार्ड देताना म्हणालो, "आता तोंड सांभाळा."

"तोंडाचं काही नही, मास्तर," नाना म्हणाले. "कानाचं काय करू?"

त्यांनी कानात कापसाचे बोळे घातले. आमच्या मुलखात कापसाला तोटा नाही. दोन दिवस सगळी गल्ली त्यांच्याशी ओरडून बोलत होती.

बैलगाडी आली. इंदू उतरली, बापाच्या पाया पडली. मागोमाग पाच वर्षांची सुमी उतरली. जावई घडी मोडू नये अशा बेताने ओट्यावर बसले. नानांनी गाडीतून इंदूची ट्रंक उतरवली आणि क्षणभर तशीच हातात तोलून धरली. वाजवली नाही. मी जवळ होतो, म्हणून मला हळूच म्हणाले, "दोन लुगडी. हलकी हाये." चार दिवस म्हणजे खरोखरच चार दिवस, हे त्यांना ट्रंकेनेच सांगितलं होतं.

कोजागिरीच्या संध्याकाळी, गुलाबाई नदीवर न्यायच्या आधी, सगळ्या पोरी नानांच्या ओट्यावर जमल्या. त्या घरात इतक्या वर्षांनी गुलाबाई बसली होती, तीही एका दिवसापुरती. गाणी झाली आणि जावयांनी पिशवीतून एक पितळी डबा काढला.

"मायनी धाडेल शे, नाना," ते म्हणाले. "तुम्हीच वळखा, आसं सांगेल शे तिनी."

इंदूने मान खाली घातली. विहीणबाईंनी सहा वर्षं मनात ठेवलेला डाव होता तो. नाना चुकीचं बोलतील तर नाक कापलं जाईल, आणि खरं बोलतील तर लेक जाईल.

नानांनी कानातले बोळे काढून खिशात ठेवले आणि डबा हलवला. आतून जो आवाज आला तो रुळांवरची खडी घमेल्यात ओतल्यासारखा होता. मला कळलं, आमच्या सौभाग्यवतींना कळलं, पलीकडे होडीवर बसलेल्या भोयालाही कळलं असेल. शेवेचे लाडू होते आणि गुळाचा पाक पार पुढे जाऊन त्यांचे दगड झाले होते. नानांचे ओठ हलले. माल आणि नग सांगून ते थांबू शकले असते. पण शेऱ्याशिवाय त्यांचा कागद आयुष्यात कधी पुढे सरकला नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं.

"बर्फी," नाना म्हणाले.

"नाही," पोरी ओरडल्या.

"मंग जिलबी."

जिलबी म्हणे. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

नानांनी डबा पुन्हा कानाशी धरला, डोळे मिटले, खूप विचार केल्यासारखं केलं. "चुरमुरे," ते म्हणाले, आणि डबा जावयांच्या हातात परत दिला. "मले नही कयलं. आईले सांगा, इहीनबाई जिंकल्या."

गल्लीने जो जल्लोष केला तो निवडणुकीतही झाला नव्हता. आमच्या सौभाग्यवती तर टिपरी घेऊन नाचल्या. जावई पहिल्यांदा मोकळं हसले आणि डबा उघडून स्वतः लाडू वाटू लागले. माझ्या वाट्याचा लाडू मी दोन दिवस चहात बुडवून संपवला. इंदू मात्र हसत नव्हती. ती बापाकडे पाहत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. सहा वर्षांत त्या माणसाने लेकीसाठी काय साठवून ठेवलं होतं ते मला त्या चुरमुऱ्यांत दिसलं, आणि इतकी वर्षं त्यांना पार्सल म्हटल्याची मला लाज वाटली.

नदीवरून परतताना जावई म्हणाले, "नाना, आते ही दिवाळी करीसनच येई. मी मायले सांगस." दोन लुगड्यांची ट्रंक भाऊबीजेपर्यंत राहिली.

निघताना सुमीने तो पितळी डबा मागून घेतला, आत काहीतरी टाकलं, झाकण घट्ट लावलं आणि आजोबांना दिला. "ओळखा. पण उघडायचा नाही. मी गुलाबाईला येईन तेव्हाच."

तेव्हापासून दर पंधरवड्याला पिंपळनेरला नानांचं एक कार्ड जातं. त्यात खुशाली दोन ओळी, आणि शेवटी, "चि. सुमीस, डब्यात चिंचोके आहेत काय?" आठवड्याने उत्तर येतं, "नाही." मग पुढच्या कार्डात बत्तासे, मग बटणं, मग काचेचे मणी.

शिमग्याच्या सुमारास मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. डबा तिथेच होता. सहज उचलला आणि हलवला. पार्सल हपिसात माझा एक दिवसही गेलेला नाही, पण मलाही ते लगेच कळलं.

"नाना, हे तर सागरगोटे आहेत," मी म्हणालो. "पाच."

नानांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि जागेवर ठेवला.

"हयू बोला, मास्तर," ते म्हणाले. "गुलाबाईले अजून सहा महिने हायेत."