नानांच्या बरणीतले पाहुणे

नाना सोहोनींच्या गोगलगाई मी उकडून मारल्या. मारायच्या नव्हत्या. लांज्याला लग्नाला जाताना नाना शेजारधर्म म्हणून सांगून गेले होते, "सकाळी गारठा असला तर कोपऱ्यातल्या बरणीत थोडं कोमट पाणी घाला." माझा बंब पेटलेला होता, आणि स्वतःच्या आंघोळीच्या पाण्याला मी जन्मभर कोमटच म्हणत आलो आहे.

नाना शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पडवीत लोणच्याच्या काचेच्या बरण्या, आत व्हाळाचं, म्हणजे वाडीतल्या ओढ्याचं पाणी, पाण्यात गोगलगाई आणि दोऱ्याला टांगलेला थर्मामीटर. वाडीत नुकताच पहिला टीव्ही आला होता. अख्खी वाडी त्याच्यापुढे, नाना बरणीपुढे. मध्येच भिंगातून डोळा न काढता म्हणायचे, "पाहुणे निघाले हो."

पाहुणे म्हणजे गोगलगाईच्या पोटातल्या जंतांची पिल्लं. "पाणी गार असलं की आत गप्प असतात," नाना समजावायचे. "ऊन चढलं, पाणी तापलं की बाहेर. बिचारी गुराचा पाय शोधत असतात, चुकून माणसाच्या पायात शिरतात. ती मरतात, आपण खाजवतो."

एकदा मी चहाचा कप उचलला तर म्हणाले, "थांबा, जीभ भाजेल," आणि थर्मामीटर कपात बुडवला. तो कुठून काढला हे मी विचारलं नाही. चहा मात्र ठेवून दिला.

गोगलगाई उकडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने नाना आणि त्यांची विधवा बहीण आक्का परत आले. नानांनी बरणी उचलली, हलवली, खाली ठेवली.

"तुमचं कोमट म्हणजे किती हो?"

मी हाताने वाफ दाखवली. ते रागावले नाहीत. पायरीवर बसले.

"सकाळी केव्हापर्यंत पाण्यात उतरलं तर चालेल, एवढंच बघायचं राहिलं होतं. आक्काचे पाय बघितलेत? सोलून निघालेत खाजवून."

"मग व्हाळावर धुणं न्यायचंच कशाला? दारात विहीर आहे."

नानांनी आत बघून आवाज उतरवला. "विहिरीवर ती एकटी. व्हाळावर चार बायका असतात. घरात माझ्याशी बोलून बोलून काय बोलणार ती? जाऊ नको म्हटलं तर ऐकेल हो. म्हणून तर म्हणत नाही."

तेवढ्यात आक्का लग्नातल्या कपड्यांची बादली कमरेवर घेऊन बाहेर आल्या.

"आता ऊन आहे गो," नाना म्हणाले.

"मग? वाळत घालायला काय चांदणं लागतं?"

मला काहीतरी भरपाई करावीशी वाटली. म्हटलं, "नाना, उद्या मी जातो व्हाळावर. नव्या गोगलगाई आणून देतो."

आक्कांनी बादली कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली. "ह्यांना पाठवू नको रे नाना. येताना रस्सा करून आणतील."