शेवंताबायचं दुसरं पान

शेवंताबाय माझ्याशी कधी धड बोलली नाही. ती बोलायची माझ्या बाहुल्यांशी.

कट्टा गावच्या बाजारात मी पहिल्यांदा खेळ लावला, तेव्हापासूनची ही तऱ्हा. कळसूत्री बाहुल्या नाचवणं हा आमच्या घरचा धंदा. खाली पांगाऱ्याच्या लाकडाची बाहुली, मध्ये दोऱ्या आणि वर मी. त्या दिवशी माझा राजा ऐटीत दरबारात आला, तोच समोर मासळी विकत बसलेली एक बाई पाटी बाजूला सारून उठली.

"रे राजा, हय बघ! वर कित्याक बघतंस? आधी तो गुडघो सरळ कर, मगे राज्य कर."

सगळा बाजार हसला. मी पडद्यामागून ओरडलो, "कोण गो ती?"

ती राजालाच म्हणाली, "तुझ्या मागे कोणतरी बडबडता. गप ऱ्हवाक सांग तेका."

गुडघा वाकडा होताच. घरी जाऊन मी तो तासून सरळ केला, पण तिला सांगितलं नाही. मी चौथीत शाळा सोडली ती मास्तर मला चुकीचा म्हणाला म्हणून. मासेवालीचं काय ऐकणार?

पण ती काही सोडणारी नव्हती. माझा खेळ असला की पुढच्या रांगेत हजर. राणीची साडी फाटली तर तिने आपल्या लुगड्याचा तुकडा आणून दिला आणि राणीला म्हणाली, "तुझ्या मालकाक लाज नाय, तू तरी ठेव." आणि कुणी काही वाढवून सांगितलं की तिचं ठरलेलं वाक्य, "काटो लागात हां!" खोटं बोलणाऱ्याच्या घशात माशाचा काटा अडकतो, असं तिचं ठाम मत. मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला तिने हे हात जोडून सांगितलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "गेल्या खेपेक सहा बांगडे दिलेलंस," तर त्यालाही तेच.

एकदा ती राणीला म्हणाली, "तुझी तीच तीच गोष्ट बघून कंटाळा इलो. माझ्याकडे एक आसा. मालकाक व्हयी तर देतंय. पण शेवटाक हात लावचो नाय."

राणीच्या वतीने मी कबूल केलं.

गोष्ट अशी. दर्याच्या राजाने एका मच्छीमाराला जेवायला बोलावलं. तिथलं अन्न खाल्लं की माघारी येता येत नाही. त्याची बायको रोज दुपारी दोन पानं मांडायची, एक स्वतःला, एक त्याला. बारा वर्षं मांडली. मग एका दुपारी तिने त्याचं पान दुमडलं, म्हणाली, "जेव आता थंयच," आणि आपल्या पानावर पोटभर जेवली. संपली गोष्ट.

मी म्हटलं, "ह्यात नाचूक काय आसा?"

ती राणीला म्हणाली, "ह्येका जेवणाची गोष्ट सांगली, ह्यो नाच मागता."

महिनाभर आम्ही ती गोष्ट बसवली. म्हणजे मी बसवायचो आणि ती उठवायची. दर्याच्या राजाला मी झुपकेदार मिशी लावली. "पाण्यात ऱ्हवता आणि मिशी सुकी? काटो लागात हां!" मिशीला तेल चोपडावं लागलं. खरी पंचाईत शेवटाची होती. लाकडाच्या हाताने पान दुमडता येईना. तेव्हा तिनेच सांगितलं, दोरी हाताला नको, पानाला बांध. मी पानातून बारीक दोरा ओवला. हात नुसता टेकायचा आणि पान आपसूक मिटायचं. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा ती बाहुलीला हळूच म्हणाली, "बेगीन करू नको गो बाय. बारा वर्सा थांबलंस, आता घटकाभर थांब."

ती असं का म्हणाली, हे मी विचारलं नाही. मला स्वतःचंच बोलणं ऐकायची सवय.

पहिला खेळ रेडीला झाला. पान मिटलं, पडदा पडला आणि कुणी टाळीच वाजवली नाही. माणसं गप्प बसून राहिली. दोन-चार बायका डोळे पुसत उठून गेल्या. मला तो अपमान वाटला. पन्नास वर्षांत माझ्या खेळाला टाळी पडली नाही असं झालं नव्हतं. ती शांतता काय होती ते आज कळतं. तेव्हा कळलं नाही, आणि विचारायचं कुणाला? मी कुणाला विचारत नाही.

घरी येऊन मी आठ दिवसांत एक नवा बाहुला कोरला. बायकोचा हात पानाला लागणार, इतक्यात वरून नवरा उतरतो आणि पानावर जेवायला बसतो.

हा खेळ कणकवलीला लावला. शेवंताबाय एसटीने मुद्दाम आली, पुढच्या रांगेत बसली. नवरा उतरला आणि टाळ्यांनी मांडव दणाणला. मी पडद्याच्या फटीतून तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठेल, म्हणेल काटो लागात. शिव्या घालील. उत्तर मी तयार ठेवलं होतं. पण ती नुसती त्या बाहुल्याकडे बघत राहिली. सगळे उठले तरी बसून होती.

मला वाटलं, मी जिंकलो.

पुढचे चार बाजार ती दिसली नाही. पाचव्या बाजारी तिच्या जागेवर तिची जाऊ पाटी घेऊन बसली होती. मला बघून ती उसळली.

"काय दाखयलंस रे तिका? माझो दीर होडयेवरून गेलो तो परत इलो नाय. ही नऊ वर्सा दोन पाना मांडी होती. मगे एक दिस आपणच तेचा पान दुमडल्यान. तेवापासून बरी होती, हसा होती, लोकांक गोष्ट सांगा होती. तुझो खेळ बघून इली आणि दुसऱ्या दिसापासून परत दोन पाना!"

मी तसाच तिच्या घरी जायला मालवणची गाडी पकडली. आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे वाटभर शब्द जुळवत होतो.

दुपारची वेळ होती. ओटीवर केळीची दोन पानं मांडलेली, दोन्हींवर भात आणि पेडव्यांची, बारीक काटेरी माशांची, आमटी. मला बघून ती हसली. पहिल्यांदाच सरळ माझ्याशी बोलली.

"ये रे. हात धू, जेवक बस."

"शेवंताबाय," मी म्हटलं, "तो शेवट खोटो. माझ्या मनचो. टाळयेसाठी केललो."

"खोटो आसात," ती म्हणाली. "पण इलो मां तो? मिया बघलंय."

मी त्या दुसऱ्या पानाजवळ टेकायला गेलो.

"थंय नको. तां तेचा आसा."

ती कोयती घेऊन परसात गेली, तिसरं पान कापून आणलं, धुतलं, माझ्यापुढे मांडलं. भात वाढला, वर पेडव्यांची आमटी. मग त्या दुसऱ्या पानासमोर बसली आणि त्याच्यावरच्या पेडव्यांतले काटे एक एक करून काढू लागली.