गाडी तापवायला गेलेले लोक

कोणत्याही संस्थेची प्रकृती तिच्या उद्घाटनाला किती लोक आले यावरून कळत नाही, शेवटपर्यंत किती थांबले यावरून कळते. हे तत्त्व लग्न, व्याख्यान आणि बर्फावरची हॉकी या तिन्हींना लागू आहे. पैकी हॉकीच्या बाबतीत ते मोजता येतं.

मोजणी अशी. जानेवारीतली एक संध्याकाळ, रेड विलो शहर, तापमान उणे सत्तावीस. स्टेडियमच्या वाहनतळावर एक हजार एकशे बेचाळीस गाड्या आणि एक घोडा (पोलिसांचा). तिसऱ्या आणि शेवटच्या सत्राची दहा मिनिटं उरली असताना यांपैकी सहाशे अठरा गाड्यांच्या मागून वाफ निघत होती. घोडा धरून सहाशे एकोणीस.

आमच्याकडे हिवाळ्यात उभी केलेली गाडी दहा मिनिटं चालू ठेवल्याशिवाय माणसाच्या बसण्याजोगी होत नाही. त्यामुळे आपला संघ हरतोय असं दिसलं की माणूस उठतो, टोपी कानांवर ओढतो आणि शेजाऱ्याला म्हणतो, ‘जरा गाडी तापवून येतो.’ तो परत येत नाही. हे बोलणं आता हॉकीपुरतं राहिलेलं नाही. मुख्य रस्त्यावरची बेकरी बंद व्हायला आली तेव्हा मालकाने गाडी तापवायला घेतली आहे, असं लोक म्हणायचे. आमच्या समोर राहणाऱ्या बाई नवऱ्याला सोडून गेल्या तेव्हाही लोक हेच म्हणाले. (त्या प्रकरणात गाडीही गेली.)

ज्या संघामुळे भाषेत ही भर पडली त्याचं नाव रेड विलो पेलिकन्स. पेलिकन हा पक्षी आमच्या तळ्यावर उन्हाळाभर असतो आणि हॉकीचा मोसम सुरू होण्याआधी दक्षिणेला निघून जातो. नाव ठरवणाऱ्या समितीची दूरदृष्टी यातून दिसते.

पेलिकन्सची सध्या पुनर्बांधणी चालू आहे. यंदाचं तिचं नववं वर्ष. पुनर्बांधणी म्हणजे काय ते व्यवस्थापक श्री. पेटकाऊ दर शरद ऋतूत समजावून सांगतात. आज खेळणारे चांगले खेळाडू मोठ्या शहरांच्या संघांना द्यायचे आणि त्या बदल्यात पुढे चांगले होणारे खेळाडू घ्यायचे. नऊ वर्षांत संघाने बत्तीस चालू खेळाडू देऊन त्रेपन्न भावी खेळाडू मिळवले. भावी खेळाडू आले की यथावकाश ते चालू होतात, आणि चालू खेळाडू ठेवून घेणं पुनर्बांधणीच्या धोरणात बसत नाही, म्हणून त्यांना देऊन आणखी भावी घेतले जातात. आजमितीला आमच्याकडे जेवढं भविष्य साठलं आहे तेवढं लीगमध्ये कुणाकडेच नाही. वर्तमान तेवढं इतरांकडे आहे.

हे सगळं मी टीका म्हणून सांगत नाही. मी पेलिकन्सची समर्थक आहे, आणि निराशावाद्यांच्या आक्षेपांना शांतपणे उत्तरं देत आले आहे. संघ दर वर्षी हरतो, हा पहिला आक्षेप. मी रसायनशास्त्राची पदवीधर असून शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एकाच नमुन्याचं उत्तर नऊ वेळा तेच आलं तर उपकरण उत्तम आहे असं समजतात. गोलरक्षक सारखा पडतो, हा दुसरा. गोलरक्षकाचं कामच पडण्याचं आहे. या हॉकीत चेंडूऐवजी असणारी चकती ज्या बाजूने येते त्या बाजूला पडणं हा त्या कामाचा प्रगत भाग आहे आणि आमचा गोलरक्षक अजून भावी आहे. तिसरा आक्षेप असा, की आम्ही म्हातारे होत चाललो. याला उत्तर नाही, पण तो संघाचा दोष म्हणता येणार नाही.

या वर्षी मात्र प्रश्न नुसत्या वादाचा राहिला नाही. शहर आणि संघमालक यांच्यात एक करार आहे. वर्षभराची खुर्ची घेणारे चार हजारांच्या खाली गेले, तर मालक संघ दुसरीकडे हलवू शकतात. ते दुसरीकडे म्हणजे दक्षिणेतलं एक शहर. तिथे बर्फ फक्त सरबतात असतो आणि गाडी गार करून मगच आत बसतात. मार्चमध्ये आमच्या खुर्च्यांची संख्या चार हजार एक होती. त्यातल्या दोन, विभाग क, रांग चौदा, ओरेस्टमामाच्या नावावर होत्या. आणि मामाने फेब्रुवारीतच सांगून टाकलं होतं, की यंदाचा मोसम संपला की तो त्या सोडणार.

ओरेस्टमामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. घरं उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या घरोघर जाऊन दुरुस्त करतो, त्यामुळे गार पडलेल्या गोष्टींबद्दल त्याचं मत तज्ज्ञाचं मानलं जातं. मी सहा वर्षांची असताना आईला इस्पितळात रात्रपाळी लागली, तेव्हा त्याने या दोन खुर्च्या घेतल्या. तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, आम्ही शेजारी बसतो. अर्थात पन्नासाव्या मिनिटापर्यंतच. पन्नासाव्या मिनिटाला मामा उठतो, टोपी ओढतो आणि गाडी तापवायला जातो. उरलेली दहा मिनिटं मी रिकाम्या खुर्चीशेजारी बसून काढते आणि मागच्या रांगेतल्या थोराआजी विणकाम न थांबवता म्हणतात, “गेला गं तुझा मामा. आता हरलोच.”

थोराआजींचं हे वाक्य मला शास्त्रीय वाटलं नाही. म्हणून डिसेंबरात मी वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून वाफा मोजायला सुरुवात केली. थंडीत प्रत्येक चालू इंजिनामागे पांढरा खांब उभा राहतो, चुकायला वाव नाही. या आकड्याला मी ‘तापवणी निर्देशांक’ असं नाव दिलं, त्यावरून शहराची निराशा काढली आणि सहा पानी अहवाल क्लबला दिला.

क्लबने अहवालाची तातडीने दखल घेतली. नऊ वर्षं संघ का हरतो याचं कारण त्यांना प्रथमच आकड्यात मिळालं होतं, आणि ते बर्फावर नसून वाहनतळावर होतं. पहिला उपाय म्हणून स्टेडियममधलं मोठं घड्याळ झाकण्यात आलं, म्हणजे दहा मिनिटं उरली आहेत हे कुणाला कळू नये. परिणामी लोक अंदाजाने उठू लागले आणि खबरदारी म्हणून सतरा मिनिटं आधीच जाऊ लागले. (एका सामन्यात आमचे दोन बचावपटूही सत्र संपलं असं समजून बर्फाबाहेर आले. त्या वेळात झालेला गोल अहवालात धरलेला नाही.) लीगच्या आग्रहामुळे घड्याळ उघडावं लागलं.

दुसरा उपाय अधिक मानवतावादी होता. केशरी जाकिटातले ‘तापवणी सेवक’ नेमण्यात आले. किल्ली त्यांच्याकडे द्यायची. ते गाडी तापवतील, तुम्ही बसून राहा. लोकांनी किल्ल्या आनंदाने दिल्या आणि पाच मिनिटांनी, सेवकाने गरम हवा पायांकडे सोडली आहे की तोंडाकडे, हे बघायला स्वतः बाहेर गेले. निर्देशांक सातशे चाळीसवर पोहोचला.

त्याच रात्री घरी जाताना मी मामाला सांगितलं, की तो माझ्या अहवालात आहे.

“कशात धरलंयस मला?”

“निराशावादी, वर्ग एक. नियमित.”

सिग्नल हिरवा झाल्यावर मामा म्हणाला, “पहिल्या मॅचनंतर तू गाडीत बसलीस आणि ढुंगण गार पडलं म्हणून घरापर्यंत भोकाड पसरलंस. पुढच्या मॅचला मी आधी उठलो. तू रडली नाहीस. मग मला कुणी ‘आता पुरे’ म्हणालंच नाही.”

“म्हणजे संघ हरणार म्हणून नाही उठत तू?”

“हरणार तर असतातच. त्यासाठी कशाला उठायचं? बसूनही कळतं की.”

मग खुर्च्या का सोडतोस, असं मी विचारलं. मामाचा हिशेब सरळ होता. एकोणीस वर्षांत त्याने एकाही सामन्याचा शेवट पाहिलेला नव्हता. सहातले पाचच हिस्से बघायला पूर्ण खुर्ची कशाला? मी म्हटलं, मग नको उठत जाऊस, आता मला गार सीट चालते.

“तुला चालेल गं,” मामा म्हणाला. “मला नाही चालायचं.”

वर्गीकरणात चूक आहे अशी शंका आली की नमुना पुन्हा तपासायचा असतो. पुढच्या तीन सामन्यांत मी वाहनतळावर जाऊन, इंजिन चालू ठेवून बसलेल्या दोनशे लोकांना काच खाली करायला लावून विचारलं. एकोणतीस जणांनी संघाविषयी छापता न येणारी मतं दिली. उरलेले एकशे एकाहत्तर कुणासाठी तरी थांबले होते. बायको, आई, गुडघे दुखणारा शेजारी, जुळी मुलं, एक म्हातारा कुत्रा. एकाने सांगितलं, की मागच्या सीटवर मुलीचं सेलो नावाचं वाद्य आहे आणि थंडीत त्याचं लाकूड तडकतं. हे सगळे लोक संघ जिंकत असतानाही उठायचे. आम्हाला ते माहीत नव्हतं, कारण संघ जिंकत असताना मोजण्याची संधी फारशी आली नव्हती.

सुधारित निष्कर्ष मी क्लबला कळवला: शहरात निराशा बेताची असून गार पडणारी माणसं पुष्कळ आहेत. श्री. पेटकाऊंनी आभार मानले आणि पहिलाच अहवाल अधिक उपयुक्त होता, असं नमूद केलं.

मार्चच्या मध्यावर मामा एका गिऱ्हाइकाच्या पायरीवरून घसरला. गुडघ्याला पट्टा बसला आणि बर्फावर चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तरी शेवटच्या सामन्याला तो आला, काठी घेऊन. खुर्च्यांबद्दल सामना संपल्यावर तिकिटांच्या खिडकीशी जाऊन कळवायचं होतं आणि त्याला ते काम समक्ष करून टाकायचं होतं. एप्रिल लागला होता, पण पारा उणे नऊ होता. आम्ही मध्ये कागदाच्या द्रोणातले बटाट्याचे काप ठेवून बसलो होतो. पेलिकन्स तीन-दोनने मागे होते. पन्नासाव्या मिनिटाला मामाने काठी शोधायला हात खाली घातला.

काठी मी आधीच माझ्या खुर्चीखाली सरकवली होती.

“मामा, तू बस. किल्ली दे.”

“तुला ती सुरू व्हायची नाही. चोक—”

“एकोणीस वर्षं बघतेय. दे.”

त्याने किल्ली दिली. मी टोपी कानांवर ओढली. पेलिकन्सच्या समर्थकांत मी जरा ओळखीची असल्यामुळे तीन-चार रांगांतली डोकी वळली. थोराआजींच्या सुया प्रथमच थांबल्या.

“टेसा,” त्या म्हणाल्या, “तूसुद्धा?”

हो म्हणाले आणि बाहेर आले.

गाडी तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झाली. गरम हवा मी पायांकडे सोडली. काचेवरचा बर्फ वितळायला लागला तेव्हा आतून मोठा ओरडा ऐकू आला, आणि बऱ्याच वेळाने आणखी एक आवाज, तो ओरडा नव्हता. रेडिओ चालू करता आला असता. मी मामाची सीट हाताने चाचपत बसले.

मामा शेवटच्या लोकांबरोबर आला, एका बाजूला थोराआजींचा हात धरून. आत बसला. सीटचा पट्टा लावला. हात हवेसमोर धरले.

“हरले,” तो म्हणाला. “चार-तीन. बरोबरी केली होती. चाळीस सेकंद राहिले असताना गोल खाल्ला. तो येडा उलट्या बाजूला पडला.”

“असंच होतं.”

“दर वेळी?”

“बहुतेक वेळा.”

मामाने समोरच्या वाफांकडे पाहिलं. “मला वाटलं होतं त्यापेक्षा बरे हरतात,” तो म्हणाला. “सगळे उभे होते गं. थोराबाईंनी माझी बाही ओढून उसवली.” मग त्याने सीटवर जरा इकडेतिकडे सरकून पाहिलं. “बरी तापवलीयस. खिडकीवर सांगून आलोय, राहू देत दोन्ही. पण पुढच्या वर्षी पाळीपाळीनं. एकदा तू, एकदा मी.”

मोसमाअखेर नोंदलेल्या खुर्च्या: चार हजार एक. पुनर्बांधणीचं दहावं वर्ष ऑक्टोबरात सुरू होईल. शेवटच्या सामन्यात पन्नासाव्या मिनिटानंतर चालू असलेली इंजिनं, खाली उतरून मोजली: सातशे चार. सातशे चौथं आमचं.

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी मी तो तुमच्यासारख्या चाळीस वाचकांना दिला, आणि मामाने काठी शोधायला हात खाली घातला त्या ठिकाणी प्रत्येकाला थांबवून, आता पुढे काय होईल, असं विचारलं. सव्वीस जणांनी शेवटचं पान आधीच पाहिलं होतं.