नाव नसलेली सुरुवात

फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलो शहराच्या बुद्धिबळ क्लबात डाव नोंदवायच्या कागदावर एक रकाना आहे: 'सुरुवातीचे नाव'. तो रिकामा ठेवता येत नाही. मान्य नावांची यादी भिंतीवर लावलेली आहे आणि तिला समितीची रीतसर मंजुरी आहे.

शेवटच्या फेरीत मानोंग क्रिस्पुलोंनी पहिल्याच चालीला कडेच्या हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं. मानोंग, म्हणजे दादा, असं सगळेच त्यांना म्हणतात; ते ट्रायसिकल, म्हणजे तीनचाकी रिक्षा, चालवतात. हा डाव जिंकला, तर अकरा वर्षांच्या खटपटीनंतर ते क्लबच्या संघातून बाकोलोद शहरात खेळायला जाणार होते. समोर होते ॲटर्नी गल्यार्दो.

पंच मॅम व्हिसिता यादी बघून आल्या. "मानोंग, ह्याचं नाव काय?"

"नाव कसलं, मॅम? स्टँडवर तीस वर्षं असाच खेळतोय."

"यादीत नाहीये हो. 'स्पॅनिश सुरुवात' लिहू का?"

"स्पॅनिश तर देश सोडून कधीच गेले, मॅम!" मागून कुणीतरी ओरडलं.

रकाना रिकामा राहिला, डाव मात्र पुढे गेला. एकविसाव्या चालीला मानोंगांनी वजीर पुढे नेला आणि ॲटर्नींच्या राजावर मात केली. आम्ही मिरोन, म्हणजे भोवतीचे फुकटे बघे, टेबलं बडवायला लागलो. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

ॲटर्नींनी शांतपणे रकान्यावर बोट ठेवलं. "सुरुवात कुठंय?"

समिती बसली. बटच्वाय नूडल-सूपचे वाडगे आले, रिकामे झाले. निर्णयात कुठेही खोट नव्हती. सुरुवातीची नोंद नाही, सबब डाव सुरू झालेला नाही. सुरू न झालेल्या डावात मात होऊ शकत नाही. घड्याळ मात्र नऊला चालू केलेलं. ज्याअर्थी पांढऱ्यांनी दोन तासांत डाव सुरू केला नाही, त्याअर्थी मानोंग गैरहजर. गुण ॲटर्नींना.

"मॅम, मी इथंच तर बसलो होतो!"

"बसला होतात की, मानोंग. नाही कोण म्हणतंय? पण हजर नव्हतात."

मानोंगांनी टोपी उचलली आणि कुणाकडेही न बघता ते निघून गेले. त्यांची गैरहजेरी प्रत्यक्ष पाहिल्याबद्दल आम्हा मिरोनांच्या सह्या घेण्यात आल्या. मीही केली. पुढच्या वर्षी मलाही खेळायचंय.

हसू नका. डाव तुम्हीही पहिल्या चालीपासून पाहिलात, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाहीत. सह्यांच्या कागदावर अजून एक ओळ शिल्लक आहे.